बाल्कनीतला इंग्लंडचा किल्ला

पत्रकं लिहायला लागले तेव्हा पहिला धडा मिळाला तो असा: कोणाचं काय हिरावलं गेलं, हे पहिल्या दोन ओळींत सांगून टाक. वाचणारा रस्त्यात उभा असतो आणि त्याला घाई असते. म्हणून आधी तेच सांगते. मी सातवीत होते तेव्हा दुबईत, अल मनखूलमधल्या आमच्या इमारतीत, समोरच्या फ्लॅटमध्ये राहणारी माझी मैत्रीण घर, शाळा आणि देश सगळं एकदमच सोडून गेली. तिने काही केलं नव्हतं. तिच्या डॅडींनीही काही केलं नव्हतं. आणि तिच्या बाल्कनीत आम्ही दोघींनी बांधलेला इंग्लंडचा किल्ला मागे राहिला.

आमची शाळा इंग्लंडच्या अभ्यासक्रमाची. वर्गात भारतीय, पाकिस्तानी, लेबनीज, फिलिपिनो अशी सगळी मुलं, पण त्या सत्रात इतिहासाला विषय एकच: मध्ययुगातले इंग्लंडचे किल्ले. टीचर तिकडच्याच होत्या, गोऱ्यापान, उन्हाने नाक सोललेल्या. पडदे ओढून स्लाइड्स दाखवायच्या. बाहेर डोळे मिटावेत असं ऊन आणि आत भिंतीवर धुकं, हिरवळ, दगडी बुरूज. मला ते सगळं खोटं वाटायचं. इतकं हिरवं असतं का कुठे?

किल्ल्यांची गोष्ट मात्र मनात बसली. अकराव्या शतकात नॉर्मंडीहून समुद्र ओलांडून नॉर्मन लोकांचा सरदार आला आणि त्याने इंग्लंड जिंकलं. जिंकलेला मुलुख धाकात कसा ठेवायचा? तर किल्ले बांधून. तेही दगडाचे नव्हेत, दगडाला वेळ लागतो. मातीचं टेकाड रचायचं, त्यावर लाकडी मनोरा, खाली कुंपण घातलेलं आवार, भोवती खंदक. माती उपसायला माणसं कोण? तिथलीच, हरलेली. आणि जागा शहरात हवी असेल तर तिथली घरं पाडायची. लिंकन नावाच्या गावात किल्ल्यासाठी अख्ख्या आळ्या उठवल्या म्हणे. टीचरनी हे एका वाक्यात सांगितलं आणि पुढची स्लाइड लावली. दगडी बालेकिल्ला, भिंती किती जाड, जिना कुठल्या दिशेने वळतो. माझं लक्ष अजून मागच्या स्लाइडवर होतं. ती माणसं गेली कुठे?

"दे मस्ट हॅव गॉन टू देअर नेटिव्ह प्लेस," माझी मैत्रीण कानात कुजबुजली. आम्ही दोघी हसलो. आमच्या इमारतीत कोणीही गेलं की मोठी माणसं हेच सांगायची. नेटिव्हला गेले.

ती वसईची. कॅथलिक. तिचे डॅडी एका हॉटेलात बँक्वेटचं, म्हणजे मेजवान्यांचं, बघायचे. फ्लॅट हॉटेलचा, शाळेची फी हॉटेलची, व्हिसाही अर्थातच हॉटेलचा. माझे बाबा पुण्याचे, एका कंपनीत ड्राफ्ट्समन. दोघांचं मराठी एकमेकांना हसण्यासारखं होतं आणि दोघे हसायचे.

सत्राच्या शेवटी प्रदर्शन होतं. दोघादोघांनी मिळून किल्ल्याची प्रतिकृती करायची आणि पालकांसमोर उभं राहून बोलायचं. आम्ही वाटून घेतलं. किल्ला कसा बांधला हे मी सांगणार, वेढा कसा पडतो हे ती. घरी येऊन हे सांगितलं तर बाबा ताडकन उठले.

"दिवाळी आलीच आहे. एकाच किल्ल्यात दोन्ही कामं उरकू."

आई म्हणाली, "अहो, तो इंग्लंडचा किल्ला आहे. शाळेचा."

"माती ती मातीच."

पुण्यात दिवाळीत मुलं अंगणात मातीचे किल्ले करतात हे वाचणाऱ्याला सांगायला नको. पण दुबईत माती आणायची कुठून? खाली उतरलं की वाळू आणि वाळूचा किल्ला दुसऱ्या दिवशी पसरतो. बाबा दर वर्षी एका नर्सरीतून खतमाती आणायचे, रास अल खोरच्या एका गोदामातून रिकामी पोती आणायचे आणि साइटवरून विटांचे तुकडे. विटा रचायच्या, वरून चिखलात बुडवलेली पोती पांघरायची, डोंगर तयार. आमच्या बाल्कनीत वॉशिंग मशीन होतं, म्हणून त्या वर्षी किल्ला समोर, मैत्रिणीच्या मोठ्या बाल्कनीत करायचं ठरलं.

शुक्रवारी, तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी सुरुवात झाली. बाबा चड्डी-बनियनवर चिखलात बसलेले, आम्ही दोघी पोती भिजवतोय आणि तिचे डॅडी खुर्चीवर चहा घेऊन देखरेखीला.

"हबीबी, इंग्रजांचा किल्ला तू का बांधतोस? तुझं मन तरी कसं होतं?"

"नाही होत," बाबा म्हणाले. "आमच्या गडांच्या पायऱ्या यांनीच सुरुंग लावून उडवल्या. आणि माझी पोरगी यांचे बुरूज पाठ करते."

"मग फी भरू नको."

"आणि तुम्ही काय बोलता हो? वसईचा किल्ला आम्ही जिंकला."

"जिंकलास ना? मग नीट ठेवायचा होता. झाडं उगवलीत बुरजावर. आम्ही लग्नाचे फोटो काढायला जातो तिकडे, साप असतात."

बाबांना राहवेना. इंग्लंडच्या किल्ल्याला त्यांनी आपल्याकडच्यासारखा बुरजाआड लपलेला वळणाचा दरवाजा केला. मी म्हटलं, "बाबा, दॅट्स रॉंग. त्यांचा समोरच असतो, उचलता पूल टाकून." ते म्हणाले, समोर दरवाजा ठेवायला ते मूर्ख होते का? मग पाण्याचं टाकं खोदायला घेतलं. मैत्रीण म्हणाली, "अंकल, टाकं नसतं. बालेकिल्ल्याच्या पोटात विहीर असते." बाबांनी हात थांबवला. "हे बरं आहे," ते जरा नाराजीनेच म्हणाले आणि एक प्लास्टिकची वाटी बालेकिल्ल्यात पुरली. भिंतीला लागून बाहेर लोंबणारा संडास आम्ही दोघींनी केला. खाली सगळं सरळ खंदकात पडतं हे ऐकल्यावर तिच्या डॅडींना चहाचा ठसका लागला.

मग अळीव पेरला. बाबा रोज कामावर जाण्याआधी समोरची बेल वाजवून त्यावर पाणी शिंपडायचे. चारेक दिवसांत टेकाड हिरवंगार झालं आणि मला एकदम त्या स्लाइड्स खऱ्या वाटायला लागल्या. पुण्याहून लोकरीच्या कपड्यांत गुंडाळून आणलेले मातीचे मावळे तटावर उभे राहिले. शिरस्त्राणं नाहीत, मुंडाशी. काहींच्या माना डिंकाने चिकटवलेल्या. "नॉर्मन लोक असे दिसायचे?" मैत्रिणीने विचारलं. बाबा म्हणाले, "आता दिसतील."

वेढ्याची बाजू तिची. तिने शाळेच्या लायब्ररीत बसून वाचलं होतं. तोफा येण्याआधी किल्ला घ्यायचा म्हणजे भिंतीखाली भुयार खणायचं, दगड फेकायची यंत्रं आणायची, आणि काहीच जमलं नाही तर बाहेर तळ ठोकून बसायचं. आतलं धान्य संपेपर्यंत. आत धान्य कमी पडायला लागलं की सरदार काय करायचा? ज्यांचा लढायला उपयोग नाही त्यांना दरवाजा उघडून बाहेर काढायचा. म्हातारी माणसं, बायका, पोरं. बाहेरचं सैन्य त्यांना वाट द्यायचंच असं नाही. मग ती माणसं तट आणि तळ यांच्या मधल्या जमिनीवर राहायची. गवत खात. तिला हे दाखवायचं होतं. माझ्याकडे नुसते मावळे, मग तिने आतून नाताळच्या गोठ्याचा खोका आणला आणि त्यातले मेंढपाळ, मेरी, जोसेफ, गव्हाणीतलं बाळ, सगळे काढून दरवाज्याबाहेर, खंदकापलीकडे मांडले.

तिची मम्मी ओरडली. "बाळ येशूला तिकडे ठेवतेस? उपाशी माणसांत?"

"तो तिकडेच असणार ना, मम्मी."

आंटींनी वाकून बाळ जरा सरळ ठेवलं. मग म्हणाल्या, "बरं. पण डिसेंबरात मला सगळे धुऊन परत पाहिजेत." आणि जाता जाता दारात थांबून त्यांनीच विचारलं, "आणि हा शाळेत न्यायचा कसा?"

कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. दिवाळीचा किल्ला कधी हलत नाही. जिथे बांधायचा तिथेच राहतो आणि दिवाळी सरली की बांधणाऱ्यानेच मोडायचा. बाबांनी हयातभर तसेच बांधले होते. हाही त्यांनी थेट फरशीवर विटा रचून बांधला होता, पलंगाएवढा, आणि बाल्कनीचं दार एका माणसापुरतं. रोज नकाशे काढणारा माणूस! तिचे डॅडी इतके हसले की त्यांना खुर्चीवरून उठता येईना. बाबा म्हणाले, "सोपं आहे. आदल्या दिवशी तुकडे करून नेऊ, शाळेत जोडू." तो प्रश्न तिथे संपला. पुष्कळ दिवस बाकी होते.

दिवाळी झाली. अळीव पिवळा पडला, आम्ही पुन्हा पेरला. आणि त्याच सुमारास हॉटेलचा मालक बदलला.

नव्या मालकाने आपली माणसं आणली. तिच्या डॅडींना सांगितलं, तुमचं काम चांगलंच होतं. होतं. व्हिसा कॅन्सल झाला की महिन्याभरात देश सोडायचा, त्याच्या आत फ्लॅट रिकामा करायचा. एक वाट होती. दुसऱ्या एका हॉटेलात त्यांना घ्यायला तयार होते, पण जुन्या हॉटेलने 'आमची हरकत नाही' असं लिहून द्यायला हवं होतं. एनओसी. ते मिळालं तर नवा व्हिसा, शाळा, सगळं तसंच. नाही मिळालं तर बॅन, म्हणजे काही काळ तिथे कामाला यायचीच बंदी. सगळं त्या एका सहीवर आलं.

पुढच्या दिवसांचं मला आठवतं ते तिच्या डॅडींचं इस्त्री करणं. रोज सकाळी तेच शर्ट कडक इस्त्री करून ते हॉटेलवर जायचे, जणू ड्यूटीलाच चाललेत. मॅनेजर म्हणायचा, टुमॉरो, इन्शाल्ला. ते घरी येऊन हेच सांगायचे आणि आंटी म्हणायच्या, "इन्शाल्ला म्हटलं ना? मग देणार." मैत्रीण आणि मी बाल्कनीत बसून वेढ्याचं भाषण पाठ करायचो. ती म्हणायची, "आय विल बी हिअर फॉर द एक्झिबिशन. डॅडी प्रॉमिस्ड."

एक दिवस बाबाही टाय लावून त्यांच्याबरोबर गेले. चार शब्द आपण सांगू, माणूसच आहे तोही, ऐकेल. आम्ही दोघी जिन्यात बसून राहिलो. ते परत आले तेव्हा बाबा पुढे होते. टाय खिशात कोंबलेला. मैत्रिणीने बाबांनाच विचारलं, "अंकल?"

बाबा कठड्याला धरून बाजूला झाले. तिचे डॅडी मागून म्हणाले, "खलास, बेटा."

"बट व्हाय?"

"व्हाय काय? त्याची मर्जी."

ती उठली, घरात गेली, दार लावलं नाही. आपटलंसुद्धा नाही. मला वाटलं होतं आपटेल.

सगळे म्हणायचे, यात कोणाची चूक नाही. आईही म्हणाली. गल्फ आहे, असंच असतं, आपलं नशीब की आपल्यावर नाही आलं. मला तेव्हा हे नुसतं टोचायचं, आता राग येतो. चूक नाही म्हणजे काय? एक माणूस सही करू शकत होता आणि त्याने केली नाही. त्याला त्यात काही जात नव्हतं. त्या सहीअभावी चौघांच्या घराचा, एका मुलीच्या शाळेचा आणि तिच्या शेजारच्या बाकाचा निकाल लागला, आणि या प्रकाराला कोणी नाव ठेवायचं नाही, कारण तसा नियम आहे. नॉर्मन सरदाराचाही नियमच होता. त्यानेही लिंकनच्या माणसांना वाईट माणसं म्हटलं नसेल. जागा पाहिजे होती, बस्.

आंटींनी सामान बांधायला घेतलं. मैत्रिणीचा भाऊ दोन वर्षांचा, तो खोक्यांत बसून खेळायचा. फर्निचर हॉटेलचं, ते राहणार होतं. सगळ्यात आधी भरला तो गोठा. मी तिथेच होते. आंटींनी एकेक मेंढपाळ उचलून त्याच्या पायाची माती पुसली आणि वर्तमानपत्रात गुंडाळला. मैत्रीण म्हणाली, "मम्मी, एक्झिबिशनपर्यंत राहू दे." आंटी म्हणाल्या, "आणि मग तो पाठवणार कोण?" ती माझ्याकडे बघेना. मी म्हटलं, मी पाठवीन, मी सुट्टीत आणीन. आंटी बाळाची मूर्ती हातात धरून रडायला लागल्या.

ते निघाले त्या दुपारी मैत्रीण आणि माझं भांडण झालं. भांडायला काही कारण नव्हतं, म्हणून भाषणावरून झालं. टीचरनी मला सांगितलं होतं, तिचा भाग तूच बोल. ती म्हणाली, "यू डोन्ट इव्हन नो इट प्रॉपर्ली."

"मग तू सांग ना नीट."

"नाही सांगत. माझा भाग आहे तो."

"मग काय करू मी?"

"आय डोन्ट केअर. काहीपण कर."

खाली टॅक्सी आली होती. तिचे डॅडी नातूरला, म्हणजे इमारतीच्या राखणदाराला, किल्ली देत होते. पठाण होता तो, त्याने किल्ली घेतली आणि त्यांना मिठी मारली. बाबांनी खोकी टपावर बांधली आणि पुन्हा पुन्हा गाठ तपासत राहिले. मैत्रीण मागच्या सीटवर भावाला मांडीवर घेऊन बसली. हात केला नाही. टॅक्सी वळली तेव्हा तिने भावाचा हात धरून हलवला.

दोन दिवसांनी नातूरने बाबांना समोर बोलावलं. रंगारी आले होते. बाल्कनीत काय ते आहे, ते न्या नाहीतर ते फेकतील. बाबा करवत आणि पुठ्ठ्याची खोकी घेऊन निघाले, मी मागे. रंगाऱ्यांनी फर्निचर हलवून रिकाम्या केलेल्या हॉलमध्ये आमच्या चपलांचा आवाज येत होता. बाल्कनीत कोणी पाणी घातलं नव्हतं, अळीव आडवा पडून वाळला होता. चिखल तडकला होता. मावळे तटावर होते तसे उभे, भाले बाहेरच्या बाजूला रोखलेले. बाहेर कोणीच नव्हतं. मेंढपाळांच्या पायांचे वाटोळे ठसे तेवढे मातीत होते.

बाबांनी करवत लावली. पोतं वाळून कडक झालेलं, पहिल्या ओढीलाच टेकाडाची एक बाजू सरसर खाली आली. ते थांबले. दुसऱ्या बाजूने लावून बघितली. बुरूज कोसळला. "नाही निघायचा हा," ते म्हणाले. "भुगा होईल नुसता."

रंगारी दारात उभा होता, हातात डबा. घाई करत नव्हता, पण उभा होता.

"मोडायला लागेल," बाबा म्हणाले. "ज्याने बांधला त्याने मोडायचा असतो. तू मोडतेस?"

"तिनेपण बांधलाय."

"हो गं. पण ती नाहीये ना."

हे तोपर्यंत कोणी सरळ म्हटलं नव्हतं. कोणी म्हणायचं वसईला गेली, कोणी म्हणायचं सुट्टीत भेटाल. मी मावळे काढून खोक्यात ठेवले. मग हातांनीच सुरुवात केली. बाबा शेजारी बसले पण त्यांनी हात लावला नाही. विहिरीची वाटी निघाली, विटा निघाल्या. केव्हातरी मी रडायला लागले होते आणि थांबता येत नव्हतं. रंगाऱ्याने डबा खाली ठेवला, आत जाऊन एक झाडू आणला, आणि "छोडो बेटी, मैं करता हूँ" म्हणाला. बाबा त्याला म्हणाले, "नहीं भाई. करने दो उसको."

प्रदर्शनाला आमच्या टेबलावर किल्ला नव्हता. बाबांनी दिवाळीत काढलेले फोटो पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवले होते. बाकीच्यांचे थर्मोकोलचे पांढरे किल्ले, चांदीच्या कागदाचे खंदक. माझी पाळी आली. मी टेकाड, आवार, लाकडाचा दगड कसा झाला ते सगळं सांगितलं. घरं पाडली तेही सांगितलं, एका वाक्यात नाही, सावकाश. मग टीचर म्हणाल्या, "अँड द सीज?" मी म्हटलं, तो माझा भाग नाही, तो माझ्या मैत्रिणीचा आहे, आणि तिला बाहेर काढलंय. मी तशीच उभी राहिले. तिचं भाषण संपायला जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ उभी राहायचं मी ठरवलं होतं. पालक चुळबुळले. टीचरनी मला मध्येच बसवलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

नाताळच्या आठवड्यात तिचा फोन आला. तिच्या काकांच्या घरून.

"कसं झालं?"

मी सांगितलं. किल्ला निघाला नाही, मोडला, मीच मोडला. तिकडे तिच्या मागे कोणीतरी भांडी घासत होतं.

"माझा भाग?"

"नाही बोलले."

"मूर्ख आहेस. मार्क्स गेले असतील."

"गेले."

"इथे हिस्ट्रीत मराठ्यांचे किल्ले आहेत. सगळं मराठीत. मला येतं बरंचसं. पण मी बोलले की सगळे हसतात."

"का?"

"मी इंग्लिशमध्ये विचार करते म्हणे." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आम्ही हॉलमध्ये झोपतो. डॅडी दिवसभर बाहेर ओट्यावर बसतात. शर्ट इस्त्री करून बसतात."

मी म्हटलं, "मी येईन. उन्हाळ्याच्या सुट्टीत नक्की येईन."

"सुट्टीत नको," ती म्हणाली. "राहायला ये."

कुठे राहायचं हे माझ्या हातात नव्हतं. मी रिसीव्हर शेजारी उभ्या आईच्या हातात दिला.